१/२४ मापाच्या मोटारी : जोडणीपेक्षा पृष्ठभाग अवघड

कार्ब्युरेटर (धाग्याचा लेखक)

प्लास्टिकच्या सुट्या भागांतून विमानांची आणि रणगाड्यांची मॉडेले जोडणारे माझे मित्र नेहमी विचारतात की मोटारीच्या एका किटवर तुम्ही महिनोन्‌महिने काय करत असता, कारण शंभर-सव्वाशे सुटे भाग जोडायला एवढा वेळ का लागावा हे त्यांना कळत नाही. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर जोडणीत नसून रंगात आहे. रणगाडा जितका मळका तितका खरा वाटतो आणि चिखल, गंज, धूळ यांच्या आड सांध्यातली फट आणि कानशीचा ओरखडा दोन्ही खपून जातात. मोटार बहुधा शोरूममधून नुकतीच बाहेर आलेली दाखवायची असते, आणि तिथे लपायला जागा नसते. बॉनेटवर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडले की ती रेघ सरळ दिसली पाहिजे. ती थरथरली, तर खालची लांबी (खड्डे आणि फटी बुजवण्याचा लगदा) नीट घासलेली नाही हे पाहणाऱ्याला लगेच कळते. शाळेपासून लागलेला हा छंद नोकरी, संसार आणि निवृत्ती यांतून टिकला आहे, आणि माझे मत आता ठाम झाले आहे की मोटारीचे मॉडेल हे मुख्यतः पृष्ठभागाचे आणि मापाचे काम आहे. सुट्या भागांची संख्या हा त्यातला दुय्यम विषय आहे.

मापाचा हिशोब एकदा कागदावर मांडून पाहावा. खऱ्या मोटारीवरचा कारखान्यातला रंग, प्रायमर या पहिल्या थरापासून क्लिअर कोट या वरच्या पारदर्शक थरापर्यंत सगळा मिळून, साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. १/२४ मापात, म्हणजे सगळे चोविसाव्या हिश्श्याने लहान केल्यावर, तो ४ ते ६ मायक्रॉन व्हायला हवा, जे घरच्या टेबलावर कोणालाही साधणार नाही. आपण सगळे हात मिळून १०० मायक्रॉनचा थर चढवला, तर खऱ्या गाडीवर तो सुमारे अडीच मिलिमीटरचा लेप ठरेल. आता दाराच्या फटीकडे पाहा. खऱ्या गाडीवर ती ५ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे आपल्या मापात ०.२ मिलिमीटर. फटीच्या दोन्ही कडांवर ०.१ मिलिमीटर रंग बसला की फट संपली. म्हणूनच जाणकार मंडळी प्रायमरच्या आधी प्रत्येक फट स्क्रायबरने, म्हणजे रेघ कोरण्याच्या टोकदार हत्याराने, खोल करून घेतात, रंगाचा प्रत्येक हात शक्य तितका पातळ ठेवतात, आणि रंग झाल्यावर फटीत काळा रंग ओतून ती दाखवण्याचा मोह टाळतात. पांढऱ्या गाडीवर काळ्याकुट्ट रेघा मारल्या की ती व्यंगचित्रातली वाटू लागते. तिथे मध्यम करडा रंग पुरतो.

हीच गोष्ट मेटॅलिक रंगाची. खऱ्या गाडीच्या रंगातले ॲल्युमिनियमचे कण २० मायक्रॉनच्या आसपास असतात. तोच डबा गॅरेजमधून आणून मॉडेलवर मारला, तर मापाने प्रत्येक कण जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा होतो आणि गाडीवर टिकल्या चिकटवल्यासारखे दिसते. बॉडीच्या प्लास्टिकची जाडी सव्वा मिलिमीटर धरली, तरी खऱ्या मापात तो तीन सेंटिमीटरचा पत्रा झाला, आणि मोटारीचा पत्रा तर एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. चाकावरच्या कमानीची कड आतल्या बाजूने घासून पातळ केली, की काही न जोडताही मॉडेल एकदम हलके आणि खरे वाटू लागते. इंजिनात स्पार्क प्लगच्या वायरी घालायच्या, तर खरी वायर ७ मिलिमीटरची धरून आपल्याला ०.३ मिलिमीटरची तार हवी. बाजारातल्या अनेक तयार संचांतली वायर याच्या दुप्पट जाड असते, आणि ती बसवण्यापेक्षा न बसवलेली बरी, असे मी स्पष्टच म्हणेन.

माप १/२४ की १/२५, या वादाचे मूळ इतिहासात आहे. अमेरिकेतील एएमटी ही कंपनी १९४८ साली मिशिगन राज्यात, म्हणजे डेट्रॉइटच्या मोटार उद्योगाच्या अंगणातच, सुरू झाली. नव्या वर्षाच्या गाड्यांची छोटी तयार मॉडेले बनवून ती मोटार विक्रेत्यांना पुरवणे हा तिचा धंदा होता, आणि ती मॉडेले १/२५ मापाची असत. दरवर्षी गाडीचा चेहरा बदले, तसा साचाही बदलावा लागे. त्याच साच्यांतून सुट्या भागांचे किट काढून विकावे, ही कल्पना १९५८ च्या सुमारास बाजारात आली, आणि एका पेटीत कारखान्यातली, सजवलेली आणि शर्यतीची अशा तीन तऱ्हांनी जोडता येईल असे किट मिळू लागले. त्यामुळे अमेरिकी किट आजही बहुधा १/२५ मापात असतात. जपानी कंपन्यांनी १/२४ निवडले. चार मीटर लांबीची गाडी १/२५ मध्ये १६० आणि १/२४ मध्ये जवळपास १६७ मिलिमीटर भरते. वेगवेगळ्या फळीवर ठेवल्यास फरक जाणवत नाही, शेजारी ठेवल्यास जाणवतो.

जपानी किटांची राजधानी शिझुओका. तामिया, आओशिमा, फुजिमी आणि हासेगावा या चारही कंपन्या त्याच परिसरातल्या आहेत, आणि दर मे महिन्यात तिथे भरणारे प्रदर्शन पाहणे हे या छंदातल्या लोकांचे स्वप्न असते. हा भाग लाकडाच्या व्यापाराचा आणि लाकूडकामाचा. तामियाचा आरंभही १९४६ मध्ये लाकडाच्या धंद्यातून झाला, पुढे लाकडी मॉडेले आली, आणि प्लास्टिकचे पहिले किट, यामातो ही युद्धनौका, १९६० साली निघाले. मोटारींच्या बाबतीत शुन्साकु तामिया यांची एक हकिकत प्रसिद्ध आहे. १९७६ च्या १/१२ मापाच्या पोर्शे ९३४ किटची तयारी करताना माहिती अपुरी पडू लागली, तेव्हा त्यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती सुटी करून पाहिली. किटमधला सस्पेन्शनचा एखादा दांडा नेमका तिथेच का आहे हे जोडताना आपोआप समजते, त्यामागे असे काम असते. मी स्वतः मोटारीचा डिफरन्शियल पुस्तकातून नव्हे, किटमधून शिकलो.

आता रंगकामाचा क्रम थोडक्यात सांगतो, कारण नव्या मंडळींना तोच हवा असतो. भाग साच्यातून सुटावेत म्हणून लावलेल्या द्रव्याचा तवंग प्लास्टिकवर राहतो, म्हणून स्प्रू, म्हणजे सुटे भाग जिला जोडून येतात ती प्लास्टिकची चौकट, कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाने धुवावेत. साच्याच्या दोन भागांची जोडरेषा बॉडीवर बहुधा छताच्या कडेने आणि मडगार्डवर असते. ती घासून काढलीच पाहिजे, कारण खऱ्या गाडीवर ती नसते. प्लास्टिक जिथे थंड होताना आत खचलेले असते तिथे लांबी भरावी. प्रायमर हा केवळ रंग धरण्यासाठी नसून दोष दाखवण्यासाठी असतो, त्यामुळे पहिला हात मारल्यावर गाडी उन्हात तिरकी धरून पाहावी. लाल किंवा पिवळ्या रंगाखाली पांढरा किंवा गुलाबी प्रायमर द्यावा, करड्यावर ते रंग मलूल होतात. क्लिअर पूर्ण वाळू द्यावा, आणि ‘पूर्ण’ म्हणजे नाकाजवळ धरल्यावर वास येत नाही इतका. मग २००० नंबरपासून वरचे वॉटर पेपर पाण्यात भिजवून, कडांना न लागता, आणि शेवटी रबिंग कंपाउंड. कडांवरचा रंग सर्वात आधी उडतो, म्हणून तिथे आधी बारीक मास्किंग टेप लावून ठेवतात.

आपापले अनुभव आणि मतभेद अवश्य लिहावेत.

नवशिका_ठाणे

लेख वाचून मापाचा हिशोब प्रथमच डोक्यात बसला. माझा प्रश्न पावसाळ्याविषयी आहे. मी स्प्रे कॅन वापरतो, एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे साधन) अजून घेतलेला नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गॅलरीत रंग मारला की काळ्या रंगावर दुधाळ ढग येतात, आणि दुकानदार म्हणतो की कॅन जुना असेल. तो खरोखर जुना असतो की हवेचा दोष आहे? तसेच पहिल्या किटसाठी कोणती गाडी घ्यावी?

वॉटरपेपर

दोष हवेचा आहे, दुकानदाराला सोडून द्या. लॅकरमधला पातळ द्रव झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभाग गार करतो. हवेत आर्द्रता ८०-९० टक्के असली की त्या गार पृष्ठभागावर बाष्प बसते, रंगाच्या थरात अडकते आणि तुम्ही म्हणता तसे ढग दिसतात. मोटारी रंगवणाऱ्या गॅरेजांतही पावसाळ्यात हेच होते आणि तिथे रंगात रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणारा थिनर, मिसळतात. एअरब्रश असेल तर आपल्यालाही तेच करता येते. कॅनमध्ये काही मिसळता येत नाही, म्हणून कॅन आधी कोमट पाण्यात काही मिनिटे उभा ठेवावा, उकळत्या पाण्यात किंवा गॅसजवळ कधीही नको, आणि पावसाने उघडीप दिलेल्या दुपारी रंग मारावा. ढग आलेच तर घाबरून घासायला घेऊ नये. कोरड्या दिवशी त्यावर रिटार्डरचा किंवा सावकाश वाळणाऱ्या क्लिअरचा ओला हात दिला की अडकलेले पाणी बहुधा निघून जाते.

क्लिअरविषयी एक गंभीर सूचना करतो, कारण मूळ लेखात ती राहिली आहे. हल्ली अनेक जण दोन घटकांचा, हार्डनर मिसळून वापरायचा क्लिअर मॉडेलवर मारतात, कारण तो काचेसारखा बसतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याची बाधा एकदा झाली की दमा आयुष्यभर मागे लागू शकतो. साधा कापडी किंवा कागदी मास्क त्यासाठी निरुपयोगी आहे. त्या रंगासाठीचा योग्य रेस्पिरेटर आणि बाहेर हवा खेचणारा पंखा नसेल, तर त्या वाटेला जाऊच नये. साध्या लॅकर क्लिअरला चांगले पॉलिश केले तर फरक ओळखणारे फार थोडे सापडतील.

पहिली गाडी म्हणून तामियाची १९६६ ची फोक्सवॅगन बीटल सुचवतो. बॉडी गोलाकार असल्यामुळे पॉलिश करताना कडा कमी लागतात, सगळे भाग नीट बसतात, आणि मागचे इंजिन छोटे असले तरी जोडायला आनंद देते. फुजिमीच्या एन्थुझिअस्ट मालिकेतली फेरारी किंवा पोर्शे मात्र पहिल्या वर्षी घेऊ नका. ती किट सुंदर आहेत, पण त्यांतील भागांची संख्या आणि ते बसवताना लागणारा संयम पाहून अनेक जण पेटी बंद करून ठेवतात.

जुनी_पेटी

जुनी अमेरिकी किट गोळा करणाऱ्यांसाठी काही गोष्टी लिहितो. सत्तर-ऐंशीच्या दशकातली पेटी सीलबंद मिळाली तरी आतला माल ताजा असेल असे नाही. टायर मऊ पीव्हीसीचे असतात, आणि त्यांना मऊ ठेवणारे द्रव्य वर्षानुवर्षे पाझरून ज्या प्लास्टिकला टायर टेकले असतील ते वितळवते. पुष्कळ पेट्यांत खिडक्यांच्या पारदर्शक प्लास्टिकवर टायरच्या नक्षीचा ठसा उमटलेला सापडतो आणि ती काच टाकूनच द्यावी लागते. पेटी हाती आली की सर्वप्रथम टायर वेगळ्या पिशवीत घालावेत, आणि जोडलेल्या मॉडेलमध्ये चाक आणि टायर यांच्या मध्ये रंगाचा किंवा फॉइलचा थर ठेवावा.

पिवळे पडलेले डिकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची छापील चित्रे, मात्र फेकू नयेत. पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला चिकटवले की काही दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. क्रोमचा मुलामा खराब असेल, तर कपड्यांच्या ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवले की तो निघून जातो. मग चकचकीत काळ्यावर क्रोमचा रंग मारून पुन्हा चढवता येतो. खिडक्यांभोवतीच्या आणि दारांवरच्या बारीक पट्ट्यांना रंगापेक्षा चिकट बाजू असलेला पातळ धातूचा फॉइल चांगला. तो लावून दातकोरणीने दाबायचा आणि नव्या ब्लेडने कडेने कापायचा. ब्लेड नवे असणे येथे सर्वात महत्त्वाचे आहे.

लाल प्लास्टिकमध्ये साच्यातून निघालेली बॉडी असेल, तर तिच्यावर पांढरा रंग देण्याआधी चंदेरी रंगाचा एक पूर्ण हात द्या. नाहीतर लाल रंग हळूहळू वर झिरपतो आणि पांढरी गाडी गुलाबी होते.

सोनचाफा

इथे सगळ्या परदेशी गाड्यांची चर्चा चालली आहे, म्हणून माझ्या सध्याच्या कामाविषयी लिहिते. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी १/२४ मापात करण्याचा घाट मी घातला आहे. माझे बाबा टॅक्सी चालवत असत, त्यामुळे ही गाडी मला आतून-बाहेरून पाठ आहे. तिचे किट मला कुठे मिळाले नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने ती बनू लागली, पद्मिनी हे नाव पुढे सत्तरच्या दशकात आले. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस संपली आणि ती रस्त्यावरून गेली. आता मोजायला खासगी मालकांच्या गाड्या उरल्या आहेत. अशा एका मालकांनी मला मोजमापाची टेप घेऊन सकाळभर गाडीभोवती फिरू दिले.

पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २३४० मिलिमीटर, म्हणजे आपल्या मापात ९७.५. याच अंतरावर सगळे आराखडे बसवले. फोटो काढताना गाडीपासून लांब उभे राहून झूमने काढले, कारण जवळून काढलेल्या फोटोत बॉनेट फुगते आणि तो आराखडा म्हणून वापरता येत नाही. चाके १४ इंची, म्हणजे रिम १४.८ मिलिमीटर, हे माप जमले की गाडीची जमिनीवरची ठेवण बरोबर येते, आणि चुकले की बाकी सगळे अचूक असूनही गाडी परकी वाटते. बॉडी संगणकावर रेखाटून थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये छापली आहे. छपाईचे थर घासून काढणे हे प्लास्टिकच्या किटपेक्षा कितीतरी कष्टाचे आहे, आणि मूळ लेखातला पृष्ठभागाचा मुद्दा मला तिथे पटला.

आत स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढचे सलग बाक, दारांच्या पुढच्या कोपऱ्यातल्या त्रिकोणी काचा, आणि बाहेर डाव्या बाजूला यांत्रिक मीटर, एवढे तरी हवेच. छतावरचे कॅरिअर पितळी तारा सोल्डरने जोडून केले आहे. माझा प्रश्न असा की टॅक्सी चकचकीत दाखवावी की वापरलेली? चकचकीत टॅक्सी मी तरी दसऱ्याखेरीज पाहिलेली नाही.

दोन_तारे

सोनचाफा यांच्या प्रश्नावर माझे मत असे की टॅक्सी वापरलेलीच हवी, आणि या निमित्ताने धागालेखकांशी थोडा वाद घालतो. मोटार म्हणजे चकाकी, हे मत शोरूमपुरते खरे आहे. २४ तासांच्या शर्यतीच्या शेवटी गाडीवर रबराचे कण, तेलाचे फराटे आणि मेलेले किडे असतात, आणि तशी गाडी दाखवणे हे रंग पॉलिश करण्याइतकेच कसबाचे काम आहे. रणगाडे करणारे लोक काही लपवण्यासाठी मळ लावत नाहीत. कुठला मळ कुठून आला याचा ते विचार करतात. मोटारवाल्यांनी त्यांच्याकडून थोडे घ्यायला हरकत नाही.

शिवाय किंमतीविषयी कोणीच बोलत नाही. आयात शुल्काच्या यादीत मापाने लहान केलेली मॉडेले खेळण्यांच्याच गटात मोडतात, आणि त्या गटावरचे शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६०, आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. त्यात स्प्रे कॅन विमानाच्या सामानातून आणता येत नाहीत. परदेशातल्या भावाकडून किट मागवता येते, पण रंग इथेच शोधावा लागतो. त्यामुळे नवशिक्यांनी एका महागड्या पेटीऐवजी दोन साधी किट घ्यावीत, आणि त्यांतली एक केवळ रंगाच्या सरावासाठी ठेवावी.

कार्ब्युरेटर

वॉटरपेपर यांची आयसोसायनेटविषयीची सूचना सर्वांनी पुन्हा वाचावी, ही विनंती. जुनी_पेटी यांनी टायरविषयी लिहिले ते पोशरच्या मोठ्या किटांच्या मालकांनीही ध्यानात घ्यावे. मूळच्या इटलीतल्या या कंपनीची १/८ मापाची किट, विशेषतः दोन हजारांहून अधिक भागांची रोल्स-रॉइस, अनेकांनी गुंतवणूक म्हणून माळ्यावर ठेवली आहे, आणि माळ्यावरची उष्णता रबराला मानवत नाही.

दोन_तारे यांचा मुद्दा मला अर्धा मान्य आहे. शर्यतीच्या गाडीवरचा मळही चकचकीत रंगावरच बसलेला असतो. खालचा पृष्ठभाग आधी नीट चमकला नाही, तर वरची धूळ ही धूळ न वाटता खराब रंगकाम वाटते. म्हणजे मळवायची गाडीसुद्धा आधी पॉलिशपर्यंत न्यावीच लागते. काम कमी होत नाही, वाढते.

सोनचाफा, आपली पद्मिनी अशीच करावी असे मला वाटते. प्रायमर पांढरा द्यावा आणि आधी छताचा पिवळा रंग मारावा, कारण पिवळ्यावर काळा झाकतो, काळ्यावर पिवळा झाकत नाही. पिवळा पुरता वाळल्यावर मास्किंग टेप लावून तिच्या कडेवर प्रथम पिवळ्याचाच एक बारीक हात द्यावा, म्हणजे टेपखाली झिरपायचे ते पिवळेच झिरपेल, आणि मग काळा मारावा. टेप काळा रंग ओलसर असतानाच, स्वतःवर उलटी दुमडत, सावकाश काढावी. त्यावर क्लिअर आणि पॉलिश. टॅक्सीचा रोजचा चालक फडक्याने गाडी पुसतो, त्यामुळे बॉनेट आणि दारे बऱ्यापैकी चमकतात आणि मळ साचतो तो दारांखालच्या पट्टीवर, चाकांच्या मागे, वायपर पोचत नाही त्या काचेच्या कोपऱ्यांत आणि कॅरिअरच्या पायांशी. रंगीत खडूची मऊ पूड ब्रशने तेवढ्याच जागी लावावी.

सोनचाफा

कॅरिअरच्या पायांशी मळ साचतो हे अगदी खरे आहे, बाबा तिथे जुना टूथब्रश वापरत. एक शंका राहिली. कॅरिअर रंगवून मग छतावर बसवायचे की बसवून रंगवायचे? पाय चिकटवताना पिवळ्या रंगावर डिंकाचा डाग पडण्याची भीती वाटते.

वॉटरपेपर

रंगवून मगच बसवा. पायांच्या जागी छताला, प्रायमर देण्याआधीच, अर्ध्या मिलिमीटरची भोके पाडून ठेवा आणि कॅरिअरच्या पायांना तारेची टोके सोडा. ती टोके भोकांतून आत घालून इपॉक्सीचा थेंब छताच्या आतल्या बाजूने द्यायचा. सुपरग्लू काचेजवळ वापरू नका, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. काचा त्यानंतरच बसवा.